संशोधन, अनुदान आणि मिंधेपण

(पुण्यात प्राध्यापक व संशोधक विद्यार्थ्यांसाठी झालेल्या एका अभ्यासवर्गातील भाषणाचे संपादित शब्दांकन.)



सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनासाठी उद्योगसमूहांचा पैसा घ्यावा की न घ्यावा, या विषयावर बोलण्यासाठी संयोजकांनी एखाद्या वैद्यकीय संशोधकाला पाचारण करण्याऐवजी माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराला, वृत्तपत्राच्या कचेरीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाला बोलावले, याचे प्रथम मलाही नवल वाटले. नंतर जाणवले की, या प्रश्नाची एक बाजू आम्हा पत्रकारांनी फार जवळून पाहिलेली असते. मोठा जाहिरातदार संपादकाला दूरध्वनी करून ‘अमुक बातमी बदला’ असे सहसा सांगत नाही. तशी वेळच येत नाही. कोणत्या विषयावर वार्ताहर पाठवायचाच नाही, हे कचेरीत न बोलता ठरत जाते. छापून आलेली प्रत्येक बातमी खरी असते. न छापलेल्या बातमीचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. विद्यापीठांतील संशोधनाविषयी आज मला जे सांगायचे आहे, ते याहून फारसे वेगळे नाही.

आपल्या भाषेत ‘मिंधा’ असा एक अत्यंत नेमका शब्द आहे. मिंधा माणूस लाचखाऊ नसतो. त्याने काही चोरलेले नसते, खोटे सांगितलेले नसते. कोणाचे तरी उपकार त्याने घेतलेले असतात आणि त्यामुळे विशिष्ट माणसासमोर त्याची मान वर होत नाही, इतकेच. अनुदानाविषयीच्या चर्चेत सतत भ्रष्टाचाराचा उल्लेख होतो. म्हणून प्रामाणिक प्राध्यापक दुखावतो आणि म्हणतो, ‘माझा निष्कर्ष कोणी विकत घेऊ शकत नाही.’ त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे मानूनच मी पुढचे बोलणार आहे. प्रश्न असा आहे की, पैसे देणाऱ्याला त्याचा निष्कर्ष हवा तरी होता का?

इतिहासाकडे वळू. १९५३ साली उंदरांच्या पाठीवर तंबाखूच्या धुराचा डांबरासारखा अर्क फासला असता कर्करोगाच्या गाठी उठतात, हा प्रयोग अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र आले. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक दैनिकांत त्यांचे जाहीर निवेदन पानभर झळकले. लोकांचे आरोग्य हीच आमची सर्वांत मोठी जबाबदारी, आम्ही संशोधनाला पैसा पुरवू, असा त्याचा आशय होता. त्यासाठी जी समिती स्थापन झाली, तिच्या शास्त्रीय कामाची सूत्रे क्लॅरन्स कुक लिटल या नामांकित आनुवंशशास्त्रज्ञाकडे देण्यात आली. मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्षपद भूषवलेला आणि कर्करोगविरोधी संघटनेचे नेतृत्व केलेला हा गृहस्थ होता. कोणी भाडोत्री माणूस नव्हे!

या समितीने पुढची चार दशके शेकडो शास्त्रज्ञांना पैसा दिला. कशासाठी? आनुवंशिकता, विषाणू, पेशींची रचना, रोगप्रतिकारशक्ती यांच्या अभ्यासासाठी. त्यातील बरेचसे संशोधन उत्तम दर्जाचे होते आणि त्याचे निष्कर्षही खरे होते. पण सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात काय होते, या एका प्रश्नाभोवती मात्र ती गंगा वळसा घालून वाहत होती. कर्करोगाची कारणे अनेक आहेत, अजून संशोधन व्हायला हवे, हे वाक्य उच्चारण्याची सोय या खऱ्या आणि प्रामाणिक संशोधनाने कंपन्यांना करून दिली. निष्कर्षच विकत घ्यायचा असता, तर एखादा लबाड माणूस पुष्कळ स्वस्तात मिळाला असता. त्यांना हवे होते प्रतिष्ठित नाव, प्रश्नाला फुटलेले फाटे आणि मधला काळ. तिन्ही गोष्टी प्रामाणिक माणसाकडूनच मिळतात. पुढे खटले झाले, कंपन्यांची लक्षावधी पाने कागदपत्रे खुली झाली, आणि ऑगस्ट २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केल्याचा निकाल दिला.

दुसरे उदाहरण साखरेचे. १९६५ मध्ये अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संशोधन प्रतिष्ठानने हार्वर्डच्या पोषणशास्त्र विभागातील संशोधकांना एक समीक्षालेख लिहिण्याचे काम दिले. मोबदला ६,५०० डॉलर. २०१६ च्या हिशेबाने जवळपास ५० हजार. हृदयविकाराचा दोष साखरेकडे जातो की स्निग्ध पदार्थांकडे, हा विषय. लेखाचा हेतू प्रतिष्ठानने ठरवला, काही निबंध त्यांनीच पुरवले आणि मसुदेही पाहिले. १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा लेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. दोष स्निग्ध पदार्थांवर गेला आणि साखर सुटली. साखर प्रतिष्ठानने पैसा दिला याचा लेखात शब्दही नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या पत्रव्यवहारातून २०१६ मध्ये ते उजेडात आणले, तोपर्यंत जवळपास अर्धे शतक लोटले होते.

या प्रकरणी संतापाची लाट उसळली हे ठीकच. परंतु दोघा इतिहासकारांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक वेगळा मुद्दा मांडला, तो मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. उद्योगांकडून पैसा घेणे ही त्या काळच्या पोषणशास्त्राची सर्वमान्य रीत होती. याला कट म्हणणे म्हणजे इतिहास सोपा करणे होय, असे त्यांचे प्रतिपादन. हार्वर्डच्या त्याच विभागाला १९६० मध्ये जनरल फूड्स या कंपनीने दहा लाख डॉलरहून अधिक देणगी दिली होती आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नव्हते. लेखकांपैकी मार्क हेगस्टेड यांनी पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आहारविषयक धोरणाच्या कामात मोठा वाटा उचलला आणि त्यासाठी मांस व दूध उद्योगाचा रोषही ओढवून घेतला. असा माणूस विकला गेला असे म्हणणे मला जड जाते. त्याचे मत आधीपासूनच स्निग्ध पदार्थांविरुद्ध होते. उद्योगाने त्याचे मत बदलले नाही. ते हेरले आणि त्याला बळ पुरवले. प्राध्यापकांनी ध्यानात घेण्यासारखी गोष्ट हीच आहे.

मत हेरण्यात चूक झाली, तर काय होते? त्याच साखर प्रतिष्ठानने १९६८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात उंदरांवरील एका संशोधनाला पैसा दिला होता. ‘प्रोजेक्ट २५९’ हे त्याचे नाव. साखर खाल्लेल्या उंदरांच्या तपासणीत साखरेला गैरसोयीचे संकेत दिसू लागताच १९७० मध्ये पैसा थांबला. निष्कर्ष कधी प्रसिद्धच झाले नाहीत. येथे कोणी संशोधकाला धमकावले नाही. केवळ पुढचा हप्ता आला नाही.

‘हे सारे जुने झाले, आता नियम कडक आहेत,’ असे कोणी म्हणेल. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले की, लठ्ठपणाचे कारण खाण्यापिण्यात कमी आणि व्यायामाच्या अभावात अधिक आहे, असे मांडणाऱ्या प्राध्यापकांच्या ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ या जाळ्यामागे कोका-कोलाचे १५ लाख डॉलर होते. व्यायाम आवश्यक आहे, हे विधान असत्य आहे काय? मुळीच नाही. आपल्याकडे सूर्यनमस्काराचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. पण शीतपेय विकणाऱ्याने ते विधान उचलून धरले की त्याचा अर्थ बदलतो. बोभाटा झाल्यावर कोलोराडो विद्यापीठाने दहा लाख डॉलर परत केले आणि वर्षअखेर ते जाळे विसर्जित झाले. कंपनीने स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यांनुसार, २०१० पासून अमेरिकेत आरोग्यविषयक संशोधन आणि सहकार्यावर तिने जवळपास १२ कोटी डॉलर खर्च केले होते.

त्यानंतर २०१९ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी या कंपनीचे अमेरिका व कॅनडातील विद्यापीठांशी झालेले करार माहितीच्या कायद्याखाली मिळालेल्या ८७ हजारांहून अधिक पानांतून शोधून काढले. संशोधकांना स्वातंत्र्य आहे, असे करारात लिहिलेले होते. त्याच करारांत प्रसिद्धीपूर्वी निबंध पाहण्याचा आणि कारण न देता करार केव्हाही संपवण्याचा कंपनीचा अधिकारही होता. ‘प्रोजेक्ट २५९’ ज्या दाराने बाहेर गेले, ते दार अजून उघडेच आहे.

आता प्राध्यापकांच्या मनोवृत्तीविषयी थोडे स्पष्ट बोलतो. पैसा घेणाऱ्यांची एक बाजू अशी की, शासन देत नाही, मग संशोधन करायचे कशावर? ही तक्रार रास्त आहे. आपल्या देशाचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. दुसरी बाजू, आम्ही देणगीदाराचे नाव निबंधाखाली छापतो, मग आक्षेप कशाला? नाव छापणे चांगलेच. पण नाव छापल्याने मिंधेपण जात नाही, ते फक्त लोकांना दिसते. पत्रकारितेत ‘ही जाहिरात आहे’ असे कोपऱ्यात छापल्याने जाहिरातीची बातमी होत नाही, तसेच हे.

न घेणाऱ्यांचीही मला थोडी गंमत वाटते, क्षमा करा. नॉटिंगहॅम विद्यापीठाने २००० साली ब्रिटिश अमेरिकन टोबॅको कंपनीकडून ३८ लाख पौंड स्वीकारले. तेही कशासाठी, तर उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचे अध्ययन केंद्र काढण्यासाठी! ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चे संपादक रिचर्ड स्मिथ हे त्या विद्यापीठात मानद प्राध्यापक होते. त्यांनी वाचकांचा कौल घेतला आणि २००१ मध्ये पदत्याग केला. विद्यापीठाने पैसा ठेवला. स्मिथ यांच्याविषयी मला आदर आहे. पण मानद पद सोडणे त्यांना परवडणारे होते. ज्याची नेमणूकच प्रकल्पापुरती आहे, अनुदान संपले की ज्याचे वेतन संपते, अशा कंत्राटी संशोधन साहाय्यकाने काय करावे? आजच्या सभागृहातही असे कितीतरी तरुण बसलेले आहेत. बाणेदारपणाची अपेक्षा त्यांच्याकडून करायची आणि करारावर स्वाक्षरी कुलसचिवांनी करायची, हा न्याय नव्हे. म्हणून मला २०१८ चे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने ‘धूम्रमुक्त जगा’च्या नावाने एक प्रतिष्ठान उभे करून त्याला बारा वर्षे दरवर्षी सुमारे आठ कोटी डॉलर देण्याची घोषणा २०१७ मध्ये केली. तेव्हा अमेरिका व कॅनडातील हार्वर्ड, जॉन्स हॉपकिन्स आदी सतरा सार्वजनिक आरोग्य विद्यालयांच्या प्रमुखांनी एकत्रितपणे जाहीर केले की, आमच्या संस्था हा पैसा घेणार नाहीत. निर्णय संस्थेने घेतला. एकट्या संशोधकाला उघड्यावर उभे केले नाही. त्या प्रतिष्ठानने पुढे कंपनीशी संबंध संपवला आणि २०२४ मध्ये नावही बदलले.

आपल्याकडे काय आहे? पुष्कळांना ठाऊक नसेल, पण या बाबतीत भारताने एक असा कायदा केला आहे, जो भल्या भल्या प्रगत देशांनी केलेला नाही. बालकांच्या दुधाच्या पर्यायांविषयीचा १९९२ चा कायदा २००३ मध्ये सुधारण्यात आला. त्यानुसार शिशुआहार बनवणाऱ्या कंपन्यांनी माता-बालकांच्या आरोग्यसेवेतील व्यक्तींना अथवा त्यांच्या संघटनांना परिषद, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती वा संशोधनासाठी पैसा देणे हेच निषिद्ध ठरले. जाहीर करा म्हणजे झाले, अशी पळवाट त्यात नाही. आईच्या दुधाशी ज्याची स्पर्धा आहे, त्याने आईच्या दुधावरील संशोधनाचा यजमान व्हायचे नाही, इतका सरळ विचार त्यामागे आहे. डिसेंबर २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती केली. औषध कंपन्यांच्या पैशातून संशोधन करता येईल; पण पैशाचा स्रोत आणि रक्कम आरंभीच जाहीर केली पाहिजे, आणि लोकहितासाठी निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य करारात लिहून घेतले पाहिजे, असे तीत म्हटले आहे. परिषद गेली, तिच्या जागी २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. आयोगाचे २०२३ चे नवे नियम लगेच स्थगित झाल्याने ही जुनी संहिताच लागू राहिली. उणीव एवढीच की ती नोंदणीकृत डॉक्टरांपुरती आहे. आहारशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ तिच्या कक्षेबाहेर आहेत, आणि सार्वजनिक आरोग्याचे निम्मे संशोधन तेच करतात!

‘इल्सी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७८ मध्ये कोका-कोलाच्या एका अधिकाऱ्याच्या पुढाकाराने स्थापन झाली. २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वृत्त दिले की, भारतात अतिसाखर, अतिमीठ असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर लाल खूण करण्याचा प्रस्ताव उद्योगांच्या आक्षेपानंतर थांबवून जी तज्ज्ञ समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष याच इल्सीचे विश्वस्त होते. त्यांच्या ज्ञानाविषयी वा हेतूविषयी मला काहीही म्हणायचे नाही. नेमणूक करणाऱ्यांना यात काही विचारण्यासारखे वाटले नाही, हे मला खटकते.

मग कोणी विचारेल, टाटांचा पैसा चालला, तो उद्योगपतीचा नव्हता काय? अवश्य होता. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाने उभारले आणि १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे सोपवले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेलाही १९४५ मध्ये याच न्यासाचा आधार मिळाला. त्या संस्थेच्या दंतसंशोधन पथकाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी केली. तो निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू-चुन्याची चिमूट आणि मिश्री यांनी आपल्या माणसांच्या तोंडाचे काय होते, हे त्या अभ्यासांमुळे जगाला कळले. या प्रश्नाला कोणत्या तंबाखू कंपनीने पैसा दिला असता? देणारा श्रीमंत आहे की नाही, हा निकष नव्हेच. देणाऱ्याचा माल आणि संशोधनाचा प्रश्न यांचे वैर आहे काय, हे पाहावे लागते.

हे आज सांगण्याचे कारण आहे. कंपनी कायदा २०१३ च्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावे लागतात. २०१९ मध्ये त्या यादीत शासकीय विद्यापीठे आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसारख्या संस्थांमधील संशोधनाचा समावेश झाला. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला. त्यासाठी पाच वर्षांत अपेक्षिलेल्या ५० हजार कोटी रुपयांपैकी सुमारे ३६ हजार कोटी खासगी क्षेत्रातून यावेत, अशी योजना मांडली गेली. उद्देश स्तुत्य आहे. देशी उद्योगांनी देशी संशोधनाला हातभार लावावा, ही आपली जुनीच मागणी. पण शीतपेय, मद्य, तंबाखू वा वेफर्स विकणाऱ्याचा धनादेश मधुमेहाच्या वा मुखकर्करोगाच्या प्रयोगशाळेत थेट पोहोचावा काय, याचे उत्तर कंपनी कायद्याच्या त्या परिशिष्टात नाही.

उत्तर आपल्या परंपरेत मात्र आहे. पुण्याच्या पेठांत शिकणारा गरीब विद्यार्थी माधुकरी मागत असे, वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. समाज त्याला पोसत होता, पण एका घराचा तो मिंधा नव्हता. झोळीत पडलेली कोणती भाकरी कोणाची, हे त्यालाही सांगता येत नसे. कॅलिफोर्निया राज्यात १९८८ मध्ये मतदारांनी सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट वाढीव कर लावला आणि त्याचा पाच टक्के हिस्सा संशोधनासाठी राखला. पैसा सिगारेटचाच; पण तो सरकारी खजिन्यातून आला आणि प्रश्न विद्वानांनी निवडले. विशेष म्हणजे, संशोधनाला हौसेने देणग्या देणाऱ्या कंपन्यांनी या कराला मात्र कडाडून विरोध केला! इटलीत २००५ पासून औषध कंपन्यांच्या प्रचारखर्चाचा पाच टक्के भाग औषध नियामक संस्थेच्या निधीत जमा होतो आणि त्यातून स्वतंत्र संशोधन चालते. आपल्या नव्या राष्ट्रीय प्रतिष्ठानला अशी झोळी होता येईल. कंपनीने झोळीत टाकावे, कोणत्या विद्यार्थ्याने काय शिकावे हे सांगू नये.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हाती असलेली एक गोष्ट सांगून थांबतो. केंब्रिजच्या संशोधकांनी जे साधन वापरले, त्याच जातीचे साधन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्याला दिले आहे. आपले विद्यापीठ शासकीय असेल, तर आरोग्यविषयक प्रकल्पांसाठी कंपन्यांशी झालेल्या करारांच्या प्रती मागा. दहा रुपयांचे शुल्क आहे. प्रसिद्धीपूर्वी निबंध कोण पाहणार आणि करार कोण संपवू शकतो, ही दोन कलमे आधी वाचा. व्यापारी गुपिताचे कारण सांगून कलम ८(१)(ड) खाली अर्ज फेटाळला गेला, तर त्याच उपकलमाच्या उत्तरार्धात व्यापक लोकहिताचा अपवाद आहे. अपील करताना तो शब्दशः उद्धृत करावा.